वाडा डुप्लिकेट, खोपटी खरी

लाँग वीकेंड आला की आमच्या ग्रुपला भटकंतीचा झटका येतो. या वेळी शार्लटहून गाडी हाणली ती थेट चार्ल्सटन, साउथ कॅरोलायना. पहिला दिवस मस्तच गेला. घोडागाडी, रेनबो रोची रंगीत घरं, समुद्रावरचा वारा, वगैरे वगैरे. दुसऱ्या दिवशी जवळचं बून हॉल प्लँटेशन. आत शिरलं की दुतर्फा प्रचंड ओक, १७४३ साली लावायला घेतलेले. फांद्यांवरून शेवाळाच्या जटा लोंबतायत आणि टोकाला पांढऱ्या खांबांचा वाडा. पुढचा तास फोटोत गेला हे सांगायला नकोच. मीही काढले.

त्याच रस्त्यालगत विटांची नऊ खोपटी ओळीने उभी आहेत. गुलामांची घरं. मी म्हटलं, चला, बघून येऊ. तर उत्तर काय? "अरे, एंजॉय करायला आलोय ना आपण? गाडलेली मढी कशाला उकरतोस?"

डोकं फिरलं ते तिथे.

कारण गंमत अशी की तो 'ऐतिहासिक' वाडा १९३६ सालचा आहे. म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाचा! खोपटी मात्र १७९० ते १८१० च्या सुमाराची. इतिहास बघायला दोनशे मैल आलेले आम्ही खरा इतिहास सोडून डुप्लिकेटसमोर पोझ देत होतो.

आणि मढी उकरायची कशाला, ती गाडलेली आहेतच कुठे? चार्ल्सटनची श्रीमंती मुख्यतः तांदळाची. दलदलीत बांध घालून, भरती-ओहोटीचं पाणी दारांनी अडवून-सोडून भात पिकवला तो गुलामांनी. त्यांतल्या कित्येकांना पश्चिम आफ्रिकेतल्या भातशेतीचं ज्ञान होतं. म्हणजे नुसती मेहनत नाही, डोकंही त्यांचंच. बून हॉलमध्ये विटा पाडल्या त्याही त्यांनीच. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे चाळीस टक्के याच बंदरात उतरले असं मानतात. शहराच्या कौन्सिलने २०१८ मध्ये रीतसर माफी मागितली. त्यांना मागावीशी वाटली, आम्हाला बघावंसंही वाटेना.

दुसरा युक्तिवाद : "आपला काय संबंध?" जोतिबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. ना विमान, ना व्हिसा. पुण्यात राहून त्या माणसाला संबंध दिसला. आपण एच-वनवर इथे येऊन वीस पावलं चालत नाही!

जरा उलटं करून बघा. अंदमानच्या सेल्युलर जेलसमोर उद्या कुणी लग्नाचा मांडव घातला, तर आपण गप्प बसू? इथे बून हॉलला लग्नं होतात. हॉलिवूडच्या रायन रेनॉल्ड्सनेही २०१२ मध्ये इथेच लग्न केलं आणि २०२० मध्ये त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

बून हॉलवाल्यांना शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्या खोपट्यांमध्ये त्यांनी माहिती मांडलेली आहे, तीही त्याच तिकिटात. तिथे न जाण्याचा निर्णय आपला असतो.

शेवटी मी एकटाच गेलो. एक खोली, एक चूल. आपल्या अपार्टमेंटची लिव्हिंग रूम मोठी असेल. पाचच मिनिटांत फोन वाजला, "कुठे उलथलायस? ग्रुप फोटो राहिलाय."

असो. चार्ल्सटनला जरूर जा, शहर सुंदरच आहे. ओकचे फोटोही काढा. फक्त खोपटी आधी बघा, वाडा नंतर. आणि वेळ असेल तर गॅड्सडेन्स व्हार्फवरचं आफ्रिकन अमेरिकन म्युझियम चुकवू नका. गुलामांची जहाजं लागायची त्याच धक्क्यावर ते २०२३ मध्ये उघडलं. मूड जाईल कदाचित. गेला तर जाऊ दे.