झाड लावण्याआधी जागा ओळखा : हवामान-योग्यता नकाशासाठी निवेदन

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख),
महाराष्ट्र राज्य, नागपूर

विषय : स्थानिक वृक्षलागवडीपूर्वी हवामान-योग्यतेचा नकाशा तयार करण्याबाबत.

महोदय,

वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला जाताना तासाभराच्या वाटेत वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आतून पाच हजारांच्या वर जातो. वर जांभूळ, पिसा, अंजनीचे सदाहरित रान. खाली मुरमाड उतारांवर खैर, धावडा, सालई. वरचे रोप खाली लावले तर पहिल्याच उन्हाळ्यात करपते. लागवडीचे उद्दिष्ट मात्र जिल्ह्याचे आणि आकड्यात असते. राज्याची २०१९ची वृक्षलागवड मोहीमही ३३ कोटी रोपांच्या आकड्याचीच होती. शिवाय गिरिपुष्प कुठेही तगते, म्हणून टेकड्यांवर तेच लावले जाते. ते मूळचे मध्य अमेरिकेतले आहे.

जागा पाहून झाड कसे निवडावे, याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. तिथे मूळच्या पाइनवनांचे ८४ अवशेष नोंदवलेले आहेत. नवे पाइनवन कुठे रुजेल, हे ठरवण्यासाठी तिथे उष्णतामान, ओलाव्याची तूट, वाऱ्याचा मारा, जमिनीतील ओल आणि कस एकत्र तपासतात. पुढील दशकांचे बदलते हवामानही धरतात. बियाणेही त्या त्या विभागातले निवडतात. ब्रिटनच्या ‘फॉरेस्ट रिसर्च’ संस्थेची ही पद्धत सर्वांना खुली आहे. आपल्याकडे पाइन नाही, पण पद्धत घेण्याजोगी आहे.

म्हणून आमची मागणी अशी, की पाऊस, कोरड्या महिन्यांची संख्या, उंची, उतार आणि मातीची खोली धरून गावनिहाय नकाशा करावा. कोणती जात आज जगेल आणि पन्नास वर्षांनी तापलेल्या हवेतही टिकेल, हे त्यात असावे. कासचा सडा, माण-खटावची माळराने यांवर ‘लागवड नको’ असे स्पष्ट लिहावे. हा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो : गवताळ माळ पडीक नसतो, तो लांडगा आणि चिंकारा यांचे घर असतो. रोपवाटिकांनी बी त्याच पट्ट्यातल्या जुन्या झाडांखालून, शक्यतो देवरायांच्या परिसरातून, गावाच्या संमतीने गोळा करावे. नकाशा मराठीत, ग्रामपंचायतीत आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे उपलब्ध असावा.

लागवडीचे खड्डे उन्हाळ्यातच खणले जातात. त्याआधी निदान सातारा जिल्ह्याचा नकाशा हाती यावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
वाई व महाबळेश्वर तालुक्यांतील वृक्षप्रेमी नागरिक