राग येतो, की आपण त्याला घरात घेतो?

आपण म्हणतो, 'मला राग आला.' जणू राग हा कुणी आगंतुक पाहुणा! न सांगता आला, घरात शिरला, भांडी आपटून निघून गेला. मग पोराच्या गालावर उठलेली बोटे बघून आपण हळूच पुटपुटतो, "रागाच्या भरात हात उठला." घरोघरी ऐकू येणारे हे वाक्य आज आम्ही तपासायला घेतले आहे. त्यासाठी साक्ष काढणार आहोत प्राचीन ग्रीस आणि रोममधील स्टोईक विचारवंतांची.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सायप्रस बेटावरून आलेला झेनो नावाचा माणूस अथेन्समध्ये एका चित्रे रंगवलेल्या ओसरीत शिकवू लागला. अशा ओसरीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणतात. त्यावरून या पंथाला स्टोईक हे नाव पडले. पुढे याच पंथात एक गुलाम मोठा गुरू झाला. त्याचे नाव एपिक्टेटस. त्याचा जन्म आजच्या तुर्कस्तानातील हिरापोलिस येथे, इसवी सन ५० च्या सुमारास झाला. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'मिळवलेला', म्हणजे मालकाची वस्तू! पायाने तो अधू होता. रोममध्ये गुलामीत असतानाच तो मुसोनियस रुफस या गुरूकडे शिकला. मुलींनाही मुलांप्रमाणेच तत्त्वज्ञान शिकवा, असे सांगणारा हा गुरू. पुढे एपिक्टेटस गुलामीतून सुटला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून घालवून दिले, तेव्हा त्याने ग्रीसमधील निकोपोलिस गावी शाळा काढली.

त्याच्या शिकवणुकीचा एक प्रसंग ऑलस गेलियस या रोमन लेखकाने लिहून ठेवला आहे. ग्रीसहून इटलीला जाणारे जहाज वादळात सापडले. जहाजावर एक नावाजलेला स्टोईक विद्वान होता. त्याने इतरांसारखी रडारड केली नाही, पण त्याचाही चेहरा पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याला टोमणा मारला, की मी घाबरलो नाही, मग तुमच्यासारखा तत्त्वज्ञ कसा घाबरला? नंतर गेलियसने त्याला नम्रपणे कारण विचारले. विद्वानाने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचे पुस्तक काढले आणि त्यातला विचार समजावून दिला.

तो असा. अचानक मोठा आवाज झाला की शहाणा माणूसही दचकतो. हा पहिला धक्का कुणाच्याच हातात नसतो. त्यात लाज नाही. पण धक्क्यापाठोपाठ मनात एक म्हणणे उभे राहते, 'हे फार वाईट झाले.' त्या म्हणण्याला 'होय' म्हणायचे की नाही, हे मात्र आपल्या हाती असते. या 'होय'ला स्टोईक लोक संमती म्हणत. शहाण्यात आणि अविचारी माणसात फरक पडतो तो इथेच.

सेनेका या रोमन स्टोईकाने रागावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात तो हाच हिशेब मांडतो. कामावर मुकादम चारचौघांत वाटेल ते बोलला. छातीत धस्स झाले, कान तापले. ही पहिली पायरी. 'माझा अपमान झाला, कुणाला तरी धडा शिकवलाच पाहिजे,' याला मनाने होकार दिला, ही दुसरी. तिसऱ्या पायरीवर लगाम हातातून सुटतो. कड्यावरून पडणाऱ्याला मध्येच थांबता येत नाही. आणि मुकादमाचा राग निघतो घरी, भाजीतल्या मिठावर! म्हणून सेनेकाच्या मते रागावर सर्वांत मोठे औषध एकच, विलंब. निवाडा आज नको, थोडा थांबून करू.

एपिक्टेटसच्या घरातला लोखंडी दिवा एकदा चोरीला गेला. त्याने आरडाओरडा केला नाही. मातीचा दिवा आणला. तो म्हणे, चोराने दिव्यासाठी आपला प्रामाणिकपणा मोजला, सौदा त्यालाच महाग पडला.

इथे वाचक विचारतील, मग अन्याय झाला तरी गप्प बसायचे काय? नाही. सेनेका म्हणतो, बापावर कुणी हात टाकला तर मुलाने त्याला वाचवावेच. पण ते कर्तव्य म्हणून, रागाने आंधळे होऊन नव्हे. अन्यायाविरुद्ध लढायला शुद्ध हरपावी लागत नाही. उलट शुद्धीवर असलेला माणूसच लांबची लढाई लढू शकतो.

पण त्यांची उणीवही आम्ही झाकणार नाही. गुलामांना माणसासारखे वागवा, त्यांच्यासोबत जेवा, असे सेनेकाने लिहिले. तो स्वतः मात्र अतिश्रीमंत आणि गुलामांचा मालक होता. गुलामगिरीच मोडून काढा, अशी चळवळ स्टोईकांनी उभारली नाही. मन मोकळे ठेवायला त्यांनी शिकवले, बेडी तोडायचे राहून गेले. बेडी तोडण्याचा धडा आपण दुसरीकडे घेतला आहे. त्यांच्याकडून घ्यायचा तो उंबरठ्यावर थांबण्याचा धडा.

तेव्हा आज संध्याकाळी घरात काही बिनसले, तर 'मला राग आला' म्हणू नका. 'राग दाराशी उभा आहे' असे म्हणा, आणि कडी काढण्यापूर्वी तांब्याभर पाणी प्या. तेवढ्या वेळात एखाद्या पोराचा गाल वाचेल.