अर्धवेळ सैनिक, पुरे अपंगत्व

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, केंद्र सरकारने प्रादेशिक सेनेसंबंधी एक हुकूम काढला. १९४८ च्या प्रादेशिक सेना नियमांतील ३३ व्या नियमान्वये या सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्यास व जवानास पहाऱ्यासाठी अथवा नियमित सेनेच्या मदतीसाठी बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांस देण्यात आला, आणि पायदळाच्या ३२ पलटणींपैकी १४ पलटणी निरनिराळ्या लष्करी विभागांत तैनात करण्यास मान्यता मिळाली. या हुकमाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. वर्तमानपत्रांनी त्या वेळी मोठे मथळे दिले; नामवंत क्रिकेटपटूंच्या व चित्रपटनटांच्या मानद हुद्द्यांची चर्चाही यथासांग झाली. चर्चा झाली नाही ती एकाच गोष्टीची. बोलावलेला मनुष्य शरीराने उणा होऊन परतला, तर त्याचे अपंगत्व कोणाच्या खाती मांडावयाचे?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांस हा प्रश्न परका नाही. घरातला एक मुलगा शेतीवर आणि एक पलटणीत, ही वाटणी शिवनेरीच्या परिसरात जुनी आहे. आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न असलेली प्रादेशिक सेनेची १०१ वी पलटण तर पुण्यातच आहे. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते ज्या सेनेचे उद्घाटन झाले, तिची कल्पनाच अशी की नागरिकाने आपला धंदा सांभाळावा, वर्षातून काही काळ शिक्षण घ्यावे आणि हाक आली की गणवेश चढवावा. कल्पना उत्तम आहे. परंतु तिच्यामुळे एका माणसाची दोन आयुष्ये होतात, आणि इजा मात्र दोन्ही आयुष्यांस मिळून एकच होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. भीमाशंकरच्या पायथ्याच्या एखाद्या गावचा जवान शिक्षणकाळात अडथळ्यावरून उडी घेताना गुडघ्यावर पडतो. छावणीतले डॉक्टर पट्टी बांधतात, चार दिवस विश्रांती लिहून देतात. मुदत संपताच तो घरी येतो तो ऐन भातलावणीच्या तोंडावर. चिखलात उभे राहणे आले, पुढे हिरड्याच्या हंगामात झाडावर चढणे आले. दोन वर्षांनी गुडघा वाकेनासा होतो, आणि पुढच्या खेपेस पलटणीत हजर झाल्यावर त्यास वैद्यकीय मंडळापुढे उभे केले जाते. मंडळ विचारते की हा गुडघा परेडच्या मैदानावर गेला की खाचरात? खरे उत्तर ‘दोन्हीकडे’ असे आहे. परंतु कागद बोलतो तेवढेच मंडळास ऐकू येते, आणि छावणीतल्या पट्टीचा कागद कोठे आहे हे त्यास ठाऊक नसते.

१९६१ च्या पेन्शन नियमांपासून चालत आलेली कसोटी दुहेरी आहे. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले अथवा सेवेमुळे वाढलेले असले पाहिजे, आणि ते निदान २० टक्के भरले पाहिजे. प्रादेशिक सैनिकास, विसंगत नसेल तेथवर, नियमित सैनिकाचेच नियम लागू, असे त्याच नियमांचे २९२ वे कलम सांगते. ‘वाढलेले’ या शब्दात आमच्या कल्पित जवानाचा सारा आधार आहे. मात्र इजेच्या बाबतीत तिचे मूळ ठरते ते पलटणीतल्या अधिकाऱ्याने भरलेल्या इजेच्या अहवालावर आणि झालेल्या चौकशीवर. डॉक्टर मुख्यत्वे टक्केवारी सांगतात. म्हणजे ज्या दिवशी जवान लंगडत तंबूत आला, त्या दिवशी अहवाल लिहिला गेला की नाही यावर बरेचसे ठरून जाते. पुढचे मंडळ हा बहुधा उपचार उरतो.

टक्केवारीचीही एक गंमत आहे. गंमत म्हणावयाची, कारण दुसरा शब्द सुचत नाही. नियमाच्या अक्षरांप्रमाणे १९ टक्क्यांस काहीच नाही. परंतु सेवेस अपात्र ठरवून घरी पाठविलेल्या जवानाचे २० टक्के मान्य झाले, की १९९६ पासूनच्या व्यवस्थेनुसार ते ५० धरून पैसे मिळतात. गुडघा किती अंशांत वाकतो यावरून एका घराचे उत्पन्न ठरावे इतकी बारीक ही रेघ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, ज्यास अपंगत्वामुळे सेवेतून काढले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच मानले पाहिजे, असे सांगून ही रेघ काहीशी पुसली. त्याआधी २०१३ मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात न्यायालयाने याहून मोठी गोष्ट सांगितली होती. भरतीच्या वेळी ज्याच्या शरीरात दोष नोंदला नव्हता, त्यास पुढे जडलेला विकार सेवेमुळेच जडला असे गृहीत धरावे. तसे नाही हे सरकारने कारणे देऊन दाखवावे. १९८२ च्या नियमांतही संशयाचा फायदा जवानास द्यावा असेच लिहिलेले होते.

हे गृहीतक नियमित सैनिकास जेवढे उपयोगी पडते तेवढे प्रादेशिक सैनिकास पडत नाही, असे आमचे मत आहे. जो पंधरा वर्षे सलग पलटणीत राहिला, त्याच्या शरीराचा जमाखर्च एकाच वहीत असतो. जो वर्षातले बहुतेक महिने घरी राहतो, त्याच्याविषयी ‘हे घरी झाले’ म्हणणे नेहमीच सोपे.

किती सोपे, ते डिसेंबर २०२१ च्या एका निकालावरून दिसते. नियमित सेनेत दीर्घ नोकरी करून पुढे कुमाऊंतील प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण पलटणीत दाखल झालेल्या एका जवानास २००९ मध्ये रजेवर घरी जाताना अपघात झाला आणि त्याचा पाय कापावा लागला. अपंगत्व ८० टक्के. चौकशीनेच ते लष्करी सेवेमुळे झाल्याचे म्हटले होते. तरीही २०१२ मध्ये त्यास अपंगत्वाच्या वेतनाविना घरी पाठविण्यात आले, कारण भरतीच्या वेळी आपणांस वाढीव लाभ नकोत अशा कागदावर त्याची सही होती! न्यायाधिकरणानेही त्यास परत पाठविले. अखेर न्या. नागेश्वर राव व न्या. भूषण गवई यांच्या पीठाने, पर्यावरण पलटण ही प्रादेशिक सेनेचाच भाग आहे आणि बलिष्ठ धन्यासमोर दुर्बळ नोकराने केलेल्या अशा सहीस किंमत नाही, असे सांगून त्यास न्याय दिला. अपघातापासून निकालापर्यंत बारा वर्षे लोटली होती.

सहीची ही गोष्ट वाचताना आम्हांस आमचे शिक्षकी दिवस आठवले. शाळा सोडून वीस वर्षे झालेला एक माजी विद्यार्थी, पलटणीतून परतलेला, एके सकाळी दाखल्याची दुसरी प्रत मागावयास आला होता. एका कचेरीत त्याच्या आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ निराळा पडला होता आणि तेवढ्यावर त्याचे प्रकरण अडले होते. शुद्धलेखनाचे गुण कापताना आम्ही हात आखडता घेत नसू. त्या दिवशी मात्र वेलांटीची थोडी भीती वाटली.

या माणसाने जावे तरी कोठे? कृत्रिम पाय बसवावयाचा तर १९४४ पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यातच आहे, आणि कण्यास इजा झालेल्यांसाठी १९७४ पासून खडकीचे पुनर्वसन केंद्र आहे. शरीराची डागडुजी घराजवळ होते. कागदाचे तसे नाही. मराठा पलटणीचे दप्तर बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, पेन्शन मंजूर करणारी कचेरी प्रयागराजला. नकार आला की प्रथम अपील, त्यावर दुसरे अपील; तेथेही नकार मिळाला तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबईतील पीठ. घोडेगावहून किंवा ओतूरहून एका पायाने हा प्रवास करून पाहावा, म्हणजे ‘दाद मागण्याची सोय आहे’ या वाक्याचा अर्थ कळतो.

खोटे दावे होत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. तिजोरीची काळजी घेणे हे सरकारचे कामच आहे, आणि २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेबाहेर पडणाऱ्यांसाठी जे नवे नियम लागू झाले त्यांमागे हीच काळजी आहे. परंतु खोटा दावा पकडण्याचा आणि खरा दावा तारण्याचा उपाय एकच आहे. प्रादेशिक सैनिक हजर होताना आणि घरी जाताना, दर खेपेस, त्याची पुरी तपासणी व्हावी आणि तिची सही-शिक्क्याची प्रत त्याच्याच हाती पडावी. गुडघ्याची पट्टी असो की कानातला आवाज, त्याच आठवड्यात इजेचा अहवाल भरला जावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने मंचर व नारायणगाव येथे बाजाराच्या दिवशी माणूस बसवावा; टोमॅटो घेऊन येणारा जवान कागदही घेऊन येईल. यास नवा कायदा लागत नाही.

आणखी एक वर्ग याच वाटेवर येत आहे. २०२२ च्या योजनेतील अग्निवीर चार वर्षांनी परततील, तेव्हा सेवेमुळे झालेल्या १००, ७५ व ५० टक्के अपंगत्वास अनुक्रमे ४४, २५ व १५ लाख रुपये एकरकमी, अशी तरतूद आहे. मासिक वेतन नाही. त्यांच्याही बाबतीत ‘सेवेमुळे’ हा शब्द सिद्ध करावाच लागणार.

प्रादेशिक सैनिक परत आल्यावर त्याची मूळ नोकरी त्यास परत द्यावी, असे १९४८ च्या कायद्याचे ‘सात-अ’ कलम मालकांस बजावते. दुकानदाराने, कारखानदाराने जे पाळावे अशी अपेक्षा आहे, ते सरकारने आपल्या वाट्याचे केव्हा पाळावयाचे, याचे उत्तर संरक्षणखात्याने फेब्रुवारी २०२८ उजाडण्यापूर्वी लोकसभेत द्यावे.