तळाशीं राहणारा मासा

आमच्या घरांत मासा शिजत नाहीं; परंतु गेलीं दोन वर्षें तो नांदतो आहे. धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांनीं खाऱ्या पाण्याची कांचेची टांकी आणिली, तेव्हां मीं विरोध केला तो धर्मशास्त्राच्या आधारें नव्हे, पदार्थविज्ञानाच्या. टांकींत पाणी तीनशें लिटर. त्याचें वजन तीनशें किलोंहून अधिक, आणि वाळू, दगड व कांच यांची भर निराळी. खोताच्या वाडींतील जुन्या लांकडी माडीवर असलें ओझें चढविणें म्हणजे तुळयांचा अंत पाहणें होय. अखेर टांकी तळमजल्यावर ओटीच्या भिंतीशीं बसली आणि घरांत शांतता झाली. टांकींत मात्र ती अद्याप झालेली नाहीं.

तींत तीन भांडखोर रहिवासी आहेत: एक ट्रिगरफिश, एक केंड आणि एक हेकरू. ट्रिगरफिश लहानसहान दगड तोंडानें उचलून इकडचे तिकडे करितो. केंडाचे दांत शिंपले फोडण्यासाठींच घडलेले. हेकरू दिसतो मंद; पण त्यानें जबडा उघडला कीं समोरचा जीव पाण्यासकट आंत ओढला जातो. मात्स्यन्याय मीं मुलांस राजधर्माच्या प्रकरणांत शिकविला, तो केवळ दृष्टांत म्हणून. सेवानिवृत्तीनंतर त्याचें प्रात्यक्षिक ओटीवर बसून पाहावें लागेल, हें ध्यानींमनींही नव्हतें.

आमच्या भावजयीची तक्रार अशी कीं, टांकीच्या तळाशीं उष्टें सांचतें. तर तें खाऊन टाकणारा एखादा मासा आणावा, म्हणजे साफसफाईचे कष्ट वांचतील. दुकानदारानेंही हेंच सांगून बोटभर लांबीचा एक गोबी विकला. (आपल्या चिखलांतील निवटी याच कुळांतली.) रात्रीं तो पाण्यांत सोडला. सकाळीं तळ रिकामा आणि हेकरूचें पोट फुगलेलें! पुतण्याची सहा वर्षांची मुलगी दुधाचा पेला तसाच ठेवून टांकीपुढें बसून राहिली. "मोठे आजोबा, मग त्याला आणलंच कशाला?" असें तिनें विचारलें. चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देण्यांत घालविलीं. यास देतां आलें नाहीं. म्हणून आठ दिवस याच विषयाचें वाचन केलें.

प्रथम भावजयींचा, आणि दुकानदाराचाही, भ्रम दूर केला पाहिजे. तळचा मासा म्हणजे केरसुणी नव्हे. इतर माशांच्या विष्ठेवर कोणताही मासा जगत नाहीं. उरलेला चारा कांहीं मासे टिपतात, पण तेवढ्यानें त्यांचें पोट भरत नाहीं. आणि त्यांचीही घाण पाण्यांतच पडते. वाळू चाळून खाणारे गोबी तर वाळूंतले बारीक जीव संपले, कीं भरल्या घरांत उपाशी मरतात. सफाई करावयाची ती माणसानें, नळीनें तळ शोषून व थोडें पाणी बदलून. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून माशांस कोणता चारा घालावा हें त्यांत सांगितलें आहे. मासा घरचा केर काढील अशी अपेक्षा राजाचीही नव्हती.

आतां निवड. पहिला नियम असा कीं, जो दुसऱ्याच्या तोंडांत मावतो तो आज ना उद्यां जाणारच. म्हणून गोबी बाद. मुशीच्या जातीचा एक लहान मासा, ज्यास बांबू शार्क म्हणतात, तळाशीं पडून असतो व मुंबईच्या समुद्रांतही सांपडतो. परंतु तो पाऊण मीटरपर्यंत वाढतो, आणि ट्रिगरफिश त्याचे पर कुरतडतो. मग पट्ट्यापट्ट्यांचा समुद्री शिंगाळा. लहानपणीं ही पिलें गोळा करून राहतात व फार गोड दिसतात. पण त्यांच्या परांतील कांटे विषारी असतात. ज्या घरांत मुलें टांकींत हात घालतात तेथें हा प्राणी नको. वाळूंत दडलेल्या पाकटाचा कांटा काय करितो, हें २०१३ सालच्या गणेशविसर्जनांत गिरगांव चौपाटीवर अनेकांच्या पायांस कळलें. (असा कांटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यांत धरावी, उष्णतेनें विषाचा जोर ओसरतो, आणि तत्काळ डॉक्टर गांठावा.)

या शिंगाळ्याच्या पिलांचें सोंग घेणारा एक निर्विष मासा आहे. त्यास इंजिनिअर गोबी म्हणतात, जरी तो खरा गोबी नव्हे. तो फूटभर वाढतो, आणि वाळूंत भुयारें खणतो. दगड वाळूवर रचले असतील तर एके रात्रीं सारा डोंगर कोसळून कांच फुटावयाची. दगड थेट तळाच्या कांचेवर बसवावे लागतात. आमचे वाळूवर होते.

राहिली ती वाम, पांढऱ्या-काळ्या नक्षीची, जीस स्नोफ्लेक मोरे म्हणतात. हिचे दांत बोथट असून खाणें मुख्यतः कोळंबी-खेंकड्यांचें. ही दोन-अडीच फूट वाढते व आपल्या बिळांतून सहसा हलत नाहीं. हातभर लांबीची आणिली, म्हणजे हेकरूच्या तोंडाचा प्रश्न मिटला. सोडण्यापूर्वीं दगडांची मांडणी बदलली, म्हणजे जुन्या रहिवाशांस आपापल्या हद्दी आठवेनात, आणि दिवे मालवले. ही जात फटीतून बाहेर पडून जमिनीवर वाळून मरते. म्हणून झांकणाच्या प्रत्येक भोंकास जाळी ठोकली. पुतण्यास पोवळ्यांचे दगडही हवे होते. परंतु आपल्या समुद्रांतील पोवळीं व समुद्रघोडे यांस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण २००१ पासून आहे, हें सांगून तो बेत मोडला.

आमच्या सौभाग्यवतींनीं दारांतूनच पाहून, नागपंचमीस हिला लाह्या दाखवाव्या काय, असें गंभीरपणें विचारलें. नात रोज संध्याकाळीं लांब चिमट्यानें कोळंबी धरते. वामीस दिसतें कमी, पण वास लागतांच ती नळीतून डोकें बाहेर काढते. कोळंबीचें भांडें मोरीबाहेर वेगळें ठेविलें आहे. तळ मात्र दर रविवारीं पुतण्याच साफ करितो.