शब्दकोड्यांचे मोल : जपानी बालकोड्यांच्या निमित्ताने

कोड्यांचा विचार मराठीत बहुधा लोकसाहित्याच्या अंगाने होतो. उखाणा, हुमाण, कूट यांचे संकलन करताना अभ्यासकाची दृष्टी रूपकावर स्थिरावते आणि केवळ शब्दाच्या उच्चारसाम्यावर उभे असलेले कोडे ‘शाब्दिक करामत’ म्हणून बाजूला सारले जाते. या उपेक्षेला काव्यशास्त्राचाही आधार मिळत आला आहे. मम्मटाने चित्रकाव्याला ‘अवर’ ठरविले आणि शब्दाच्या खेळाला कनिष्ठ मानण्याचा संस्कार पुढे चालत राहिला. हा संस्कार कितपत ग्राह्य आहे, याची तपासणी जपानमधील प्राथमिक शाळेच्या मुलांत रुळलेल्या कोड्यांच्या आधारे करता येते.

जपानीत कोड्याला ‘नाझो’ म्हणतात. ‘हे काय?’ अशा अर्थाच्या ‘नानी-झो’ या प्रश्नापासून हा शब्द आला. त्याची द्विरुक्ती होऊन ‘नाझोनाझो’ झाले. या कोड्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ‘वर महापूर, खाली मोठी आग; ते काय?’ हे पहिल्या वर्गातले कोडे. उत्तर : स्नानाचे कुंड. येथे रूपक आहे आणि ते मराठीत सहज उतरते. दुसऱ्या वर्गातले कोडे असे : मुंग्या दहा झाल्या की काय म्हणतात? उत्तर : ‘आरिगातोओ’, म्हणजे ‘आभारी आहे’. ‘आरी’ म्हणजे मुंगी, ‘गा’ हा कर्तृवाचक प्रत्यय, ‘तोओ’ म्हणजे दहा. हे कोडे अर्थाने भाषांतरित केले की त्याचा प्राण जातो.

आपल्या परंपरेच्या परिभाषेत हा सरळसरळ सभंग श्लेष आहे. अभंग श्लेषाचे उदाहरण ‘हाशी’ या शब्दात मिळते. स्वराघाताचा भेद सोडला तर पूल, कडा आणि जेवणाच्या काड्या या तिन्ही अर्थी हा एकच उच्चार आहे. इक्क्यू (1394–1481) या झेन भिक्षूच्या बालपणाविषयी रूढ असलेली कथा यावरच बेतलेली आहे. ‘हा हाशी ओलांडू नये’ अशी पाटी पाहून तो पुलाच्या मधोमध चालत गेला आणि जाब विचारला गेला तेव्हा ‘कडेवरून चाललो नाही’ असे उत्तर त्याने दिले. पर्यायी शब्द घातल्यास जो टिकत नाही तो शब्दालंकार, ही कसोटी या दोन्ही उदाहरणांना काटेकोरपणे लागू पडते.

जपानीत अशा कोड्यांची रेलचेल का, याचे कारण भाषेच्या घडणीत आहे. मूलभूत हिरागाना अक्षरे 46. चिनीतून आलेल्या असंख्य शब्दांचे मूळ स्वरभेद जपानी उच्चारात गळून पडले आणि समोच्चारी शब्दांची संख्या वाढली. हे शब्द लेखनात कांजी चिन्हांनी वेगळे होतात. पहिलीतल्या मुलाला 80 कांजी शिकावी लागतात, तर 2020 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमानुसार सहा वर्षांत 1026. कानाला एक वाटणारे डोळ्याला अनेक असते, ही जाणीव त्या मुलाला व्याकरणाच्या पाठाआधी कोड्यातून होते. त्याच अभ्यासक्रमाने पहिली-दुसरीच्या वर्गांत पारंपरिक भाषिक खेळांतून भाषेची समृद्धी लक्षात यावी, असे उद्दिष्ट नोंदविले आहे. शब्दखेळाला तेथे फावल्या वेळेतला विरंगुळा मानलेले नाही.

शब्दकोडे क्षणिक असते, हा आक्षेपही तपासून पाहावयास हवा. 1516 साली सिद्ध झालेल्या, पुढे सम्राट झालेल्या गो-नारा यांच्या कोडेसंग्रहात एक कोडे आहे. आईच्या वेळी दोनदा भेटते, वडिलांच्या वेळी एकदाही नाही, असा त्याचा आशय, उत्तर ‘ओठ’. आज ‘हाहा’ (आई) म्हणताना ओठ जुळत नाहीत, म्हणून उत्तर निरर्थक वाटते. त्या काळी मात्र हा उच्चार ‘फाफा’ असा ओष्ठ्य होता आणि ‘चिचि’ (वडील) या शब्दात ओठांचे काम नव्हते. शिन्मुरा इझुरू या भाषापंडितांनी ‘ह’काराच्या इतिहासाची मांडणी करताना या कोड्याचा आधार घेतला. क्षुल्लक मानलेल्या खेळात ध्वनीचा इतिहास असा जपला गेला. उलट, स्नानकुंडाचे रूपक आज मुलांना समजावून सांगावे लागते. कुंडाखाली जाळ घालण्याची रीत बहुतेक घरांतून गेली आहे.

शब्दखेळाची मर्यादाही नाकारता येत नाही. अंकांच्या उच्चारांवरून सनावळी पाठ करण्याची प्रथा जपानी शाळांत आहे. कामाकुरा राजवटीच्या आरंभाचे 1192 हे साल ‘ई कुनी’ (चांगला देश) या शब्दांनी पिढ्यान्पिढ्या पाठ झाले. पुढे अभ्यासकांचा कल 1185 कडे वळला आणि ‘ई हाको’ (चांगली पेटी) अशी नवी जुळणी रूढ झाली. तरी जुन्या पिढीच्या ओठांवर जुनेच साल आहे. नाद स्मृतीला बळ देतो, सत्याची हमी देत नाही. म्हणून शब्दखेळ हे ज्ञानाचे साधन मानण्यापेक्षा भाषेच्या भानाचे साधन मानणे अधिक युक्त ठरते.

खरा प्रश्न भाषांतराचा आणि पर्यायाने मूल्याचा आहे. भाषांतरित होत नाही ते वगळावे, हा बालसाहित्याच्या अनुवादातला सोयीचा मार्ग. एक उदाहरण त्याचे अपुरेपण दाखविते. ‘पान आहे, पण खाता येत नाही, असे पान कोणते?’ हे जपानी मुलांचे अतिपरिचित कोडे. ‘पान’ म्हणजे पाव. हा शब्द ज्या पोर्तुगीज शब्दावरून तेथे गेला, त्याच शब्दावरून गोवा-कोकणात ‘पाव’ आला. जपानी उत्तर आहे ‘फुराइपान’, म्हणजे तळणीचा तवा. परंतु हाच प्रश्न जसाच्या तसा मराठी मुलाला विचारला तर ते विड्याचे पान बाजूला ठेवून ‘पुस्तकाचे पान’ असे उत्तर देईल. उत्तर बदलले, वस्तू बदलली. एकाच ध्वनीत दोन अर्थ शोधण्याची क्रिया मात्र अभंग राहिली. शब्दकोड्याच्या अनुवादात उत्तर नव्हे, ही क्रिया न्यावयाची असते.

भाषांतरसुलभता हा साहित्यगुणाचा निकष मानला, तर भाषेचे जे सर्वांत स्वतःचे तेच कनिष्ठ ठरते. मराठी कोड्यांच्या संकलनांत श्लेषाधिष्ठित कोड्यांना स्वतंत्र वर्ग मिळणे, त्यांच्या उच्चाराची आणि प्रदेशाची नोंद होणे आवश्यक आहे. बोलींतले ध्वनिभेद झपाट्याने पुसट होत असताना आज हसण्यावारी नेलेले एखादे कोडे उद्या त्या उच्चाराचा एकमेव साक्षीदार ठरू शकेल. जपानी ओठांच्या कोड्याने तेच सिद्ध केले आहे.