रिमोट लॉगिन अपडेट होताच जुना राउटर ‘रुसतो’ का? समजून घ्या

लॅपटॉप अपडेट झाला आणि कालपर्यंत उघडणारा ऑफिसचा जुना स्विच किंवा राउटर आज लॉगिनच करू देत नाही. स्क्रीनवर ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड’ असा संदेश दिसतो. पासवर्ड बरोबर, केबलही ठीक. मग अडते कुठे?

कनेक्शन कसे जुळते?
दूरच्या उपकरणात सुरक्षित लॉगिनसाठी एसएसएच वापरतात. पासवर्ड विचारण्याआधीच दोन्ही बाजू आपल्याला येणाऱ्या सुरक्षा पद्धतींची यादी एकमेकांना देतात. त्यात आवश्यक ती समान पद्धत सापडली नाही, तर कनेक्शन तिथेच तुटते.

जुन्या पद्धती का हटवल्या?
कारण त्या कमकुवत ठरल्या. गुगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने २०१७ मध्ये दोन वेगळ्या पीडीएफ फाइल्सचा ‘शा-१’ ठसा एकच असू शकतो, हे दाखवून दिले. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचने टप्प्याटप्प्याने बदल केले:

• २०१५ (आवृत्ती ७.०): १०२४ बिटची जुनी की एक्स्चेंज पद्धत आणि डीएसए की डीफॉल्ट बंद
• २०२१ (आवृत्ती ८.८): ‘शा-१’वर आधारित आरएसए स्वाक्षरी डीफॉल्ट बंद
• २०२५ (आवृत्ती १०.०): डीएसए पूर्णपणे हद्दपार

लॅपटॉपचे सॉफ्टवेअर सतत बदलते. स्विच मात्र वर्षानुवर्षे त्याच फर्मवेअरवर चालतो. कंपनीचा सपोर्ट संपला की नवी पद्धत त्याला शिकवणार कोण? नेटवर्क बंद पडले असताना हे लक्षात आले, तर दुरुस्तीचा रस्ताच बंद होतो.

उपाय काय?
• आधी फर्मवेअर अपडेट शोधा.
• संदेशातील ‘देअर ऑफर’पुढे उपकरणाला येणाऱ्या पद्धती दिसतात. बंद केलेली पद्धत सेटिंगमध्ये फक्त त्याच उपकरणापुरती सुरू करा, सरसकट नको.
• फक्त डीएसए येणाऱ्या उपकरणासाठी जुने क्लायंट लागते. ते इंटरनेटपासून तोडलेल्या वेगळ्या संगणकावर ठेवा.
• वैतागून टेलनेट सुरू करू नका. त्यात पासवर्ड उघडा जातो.

थोडक्यात, सेटिंग बदलून लॉगिन होईल, पण कमकुवतपणा उपकरणातच राहील. म्हणून असे उपकरण स्वतंत्र नेटवर्कमध्ये ठेवावे आणि ते बदलण्याची तरतूद पुढच्या बजेटमध्ये करावी.