वर्गातील ते हसू

समलिंगी माणसांविषयी लहान मुलांस शाळेत काही सांगावे काय, असा प्रश्न कोणी काढला की आपल्या सुशिक्षित घरांतूनही कपाळास आठ्या पडतात. ‘मुलांचे हे वय नव्हे’ हा आक्षेप सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हा विषय शाळेत केव्हाच शिरलेला आहे. तो मधल्या सुट्टीत शिकविला जातो आणि त्याचे सारे पाठ्यपुस्तक ‘बायल्या’ या एका शब्दात सामावलेले असते. आम्हीही काही वर्षे खडू हाती धरला आहे. नाजूक चालीच्या एका मुलास वर्ग त्या नावाने हाक मारी. एकदा रागवावयाचे सोडून आम्ही ओठांतल्या ओठांत हसलो. ते हसू त्या मुलाने पाहिले. सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. कलम ३७७ हे १८६० च्या इंग्रजी अमदानीतील दंडसंहितेचे अपत्य; त्याची पाठराखण भारतीय संस्कृतीच्या नावाने व्हावी, हा एक विनोदच! ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी अभ्यासक्रमांतही बदल सुचविले. तत्पूर्वी त्यांनी आपले अज्ञान उघडपणे मान्य करून एका मानसशास्त्रज्ञाकडून स्वतः धडे घेतले होते. न्यायासनावरील माणसाने विद्यार्थी व्हावे, हे आम्हांस निकालाइतकेच मोलाचे वाटते.

त्याच वर्षी ‘एनसीईआरटी’ने पारलिंगी मुलांच्या समावेशासंबंधी एक पुस्तिका काढली. ती मुलांसाठी नव्हे, शिक्षकांसाठी होती. तरीही राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने हरकत घेताच ती काही दिवसांत संकेतस्थळावरून नाहीशी झाली. दोष असल्यास दुरुस्त करता आले असते.

पहिली-दुसरीतील मुलांस शरीरसंबंधांचे ज्ञान द्यावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. कुणाच्या घरी आईवडील असतात, कुणाच्या घरी एकटी आई, कुणी आजीपाशी वाढते. तसेच दोन स्त्रियांचे वा दोन पुरुषांचेही घर असू शकते, एवढे एक वाक्य कुटुंबाच्या धड्यात सहज बसेल. चालण्याबोलण्यावरून कोणास चिडवू नये, हे मात्र खडसावून सांगावे. मुले ऐकतील आणि खेळावयास पळतील. अडचण आहे ती शिक्षकांच्या खोलीत. म्हणून प्रथम अध्यापक विद्यालयांतून या विषयाचे शिक्षण व्हावे. राज्याच्या शिक्षण खात्याने शिक्षकांसाठी मराठीतून पुस्तिका काढावी, आणि पहिल्याच हरकतीसरशी ती मागे घेऊ नये.